सकारी

"आज नाई उरला व सांबार, सकारी ये," भाजीवाली म्हणाली. ती हर्षाला म्हणाली नव्हती. हर्षाच्या शेजारी उभ्या असलेल्या एका म्हातारीला म्हणाली होती, आणि ती म्हातारी "बरं, सकारी येईन मंग" म्हणत पिशवी काखेत मारून चालतीही झाली. गोल बाजारात संध्याकाळची गर्दी होती. जून अर्धा होत आला तरी चंद्रपूरचा उन्हाळा हटायला तयार नव्हता. ऊन उतरले होते, पण रस्ता अजून चपलेतून तळपाय भाजत होता. हर्षाच्या हातात एक वांगे होते आणि नेहमीप्रमाणे तिच्या डोक्यात तो छोटा मास्तर जागा झाला होता: सकारी नाही, सकाळी. ळ म्हणा, ळ. वर्षानुवर्षे हा मास्तर कुणी विचारो न विचारो दुरुस्त्या करत असतो, रिक्षावाल्याच्या, नळवाल्याच्या, स्वतःच्या नवऱ्याच्या. मग एकदम तिच्या लक्षात आले की म्हातारी पहाटे उठून सांबार, म्हणजे कोथिंबीर, घ्यायला येणार नव्हती. ती उद्या येणार होती. केव्हाही, दुपारी, संध्याकाळी, पण उद्या. सकारी म्हणजे उद्या. हे हर्षाला ठाऊक होते; कुणी शिकवावे लागावे असे ते नव्हतेच. आणि तरीही ती वांगे हातात धरून उभी राहिली, भाजीवाली "घेता का ठेवता, मॅडम?" म्हणाली तरी उभी राहिली, कारण तिला वारलू हिचामीचा, तिच्या वर्गातल्या दीपिकाच्या बापाचा, फोनवरचा आवाज ऐकू आला. सकारी का? बरं बाई, सकारी आणतो पोरीले.

तिने वांगे ठेवले आणि काही न घेताच ती बाजारातून बाहेर पडली. मूल या तिच्या गावी, धानाच्या गिरणीमागच्या त्यांच्या घरात, हा शब्द रोजच्या पिण्याच्या पाण्यासारखा होता. कांताबाई, म्हणजे हर्षाची आई, गिरणीत तांदूळ पाखडायला जायची आणि संध्याकाळी केसांत कोंडा घेऊन यायची. तिच्या तोंडी प्रत्येक ळ चा र व्हायचा. शारा, डोरा, केरा. "माय, मले नवी पाटी पायजे." "सकारी घेऊ." पाटी उद्याच मिळेल असे नसे, पण सकारी म्हणताना आई खोटे बोलत आहे असेही कधी वाटले नाही. त्या शब्दात एक रात्र मध्ये आहे, ती जाऊ दे, मग बघू, एवढेच असायचे. झोपताना अंधारात आई पुटपुटायची, सकारी लवकर उठा लागते, सकारी तुह्या मावशीकडं जाऊ, सकारी बाप येईन. हर्षाला आठवले, तिने पहिल्यांदा ‘उद्या’ हा शब्द पुस्तकात वाचला तेव्हा तो तिला उगीच शिष्ट वाटला होता, बूट घालून घरात आलेल्या पाहुण्यासारखा. मग ती त्याच पाहुण्याची होऊन गेली. आईचे सकारी कधी गेले ते तिला सांगता आले नसते. एखादी जुनी साडी कुणाला तरी देऊन टाकावी आणि नंतर कुणाला दिली तेही आठवू नये, तसे झाले होते.

तसे बघितले तर आठवत होते सगळे. डी.एड.च्या वर्गात पहिल्या पाठाला ती फळ्यासमोर उभी राहून म्हणाली होती, "मले सांगा, इथी काय दिसून राह्यलं?" आणि वर्ग हसला होता. निरीक्षण करणाऱ्या बाई हसल्या नाहीत, हे आणखी वाईट होते. त्यांनी फक्त चष्मा काढून पुसला. त्या दिवसापासून हर्षाने स्वतःला धुवायला घेतले. रेडिओवरच्या बातम्यांबरोबर बोलायची. आरशासमोर ‘बाळ टिळा माळ’ म्हणायची. आजोबांनी चांद्याच्या, म्हणजे या चंद्रपूरच्याच, मैदानात धम्मदीक्षा घेतली होती, बापाने गिरणीत पोती वाहून तिला शिकवले होते. त्या घरातल्या मुलीला उच्चारासाठी कुणी हसावे, हे तिला मान्य नव्हते. यात चूक काय होती? आजही तिला काही चूक दिसत नव्हती. सुटीत घरी गेली की आई विचारायची, "अशी काऊन बोलते व? पावनी आल्यावानी?" आणि हर्षा म्हणायची, "काऊन नाही आई, का." आई हसायची. मरेपर्यंत हसत राहिली. पण शेवटी शेवटी हर्षा समोर असली की ती कमी बोलायची, हे हर्षाला आता, जटपुरा गेटकडे जाणाऱ्या रस्त्यावर, एका बंद दुकानाच्या पायरीशी उभे असताना जाणवले, आणि जाणवून काही उपयोग नव्हता.

गुरुवारी तिनेच फोन केला होता. आठवीची फेरपरीक्षा शनिवारी दुपारी होती. पालकांना तसे कळवून झाले होते. पण ऊन इतके वाढले की वरून आदेश आला, पेपर सकाळी घ्या. मुख्याध्यापकांनी तिला पाच पालकांना फोन करायला सांगितले. चार शहरातलेच होते. पाचवा वारलू हिचामी, गडचिरोलीच्याही पुढे जंगलातल्या गावाचा, आणि त्याचा फोन लागणे म्हणजे नशिबाचा खेळ. पण त्या दिवशी पहिल्याच झटक्यात लागला. ती स्वयंपाकघरात उभी होती. कूलरची घरघर होती, पलीकडून वाऱ्याचा आवाज येत होता. ती शब्द न् शब्द आठवू लागली.

"दीपिकाचे बाबा का? मी हर्षा मॅडम बोलते, चंद्रपूरच्या शाळेतून."

"हो बाई, बोला जी."

"पेपर आता दुपारी नाही, बरं का. सकाळी झाला आहे."

"सकारी?"

"हो, सकाळी. ऊन फार आहे म्हणून."

"बरं बाई. सकारी आणतो पोरीले."

"उशीर करू नका."

"नाई नाई. सकारी येतोच."

एवढेच. तिने ‘शनिवार’ म्हटले नाही. का म्हणावे? शनिवार आधीच ठरला होता. बदलली होती ती फक्त वेळ. तिने वेळ सांगितली. आणि वारलू दोनदा, चक्क दोनदा, तिला सकारी म्हणाला. तिच्या कानाला तो शब्द आला होता, पण मध्ये तो मास्तर बसला होता. त्याने पटकन र खोडला, ळ लिहिला, आणि ‘सकाळी’ असा स्वच्छ शब्द तिच्यापुढे ठेवला. तिला तर त्या क्षणी बरेसुद्धा वाटले होते, माणसाला नीट समजले म्हणून. गोंडी बोलणारा माणूस, मराठी त्याला झाडीपट्टीतल्या बाजारात शिकलेली, तिच्या आईसारखीच. त्याने ऊन फार आहे हेही ऐकले असेल. ऊन फार आहे म्हणून पेपर उद्यावर आणला. सरकारी कारभारात यापेक्षा विचित्र गोष्टी त्याने पाहिल्या असतील. त्याला नवल का वाटावे?

आणि तो शुक्रवारी आला. हे आता हर्षाला अंदाजाने नव्हे, पक्के कळत होते, कारण आज, सोमवारी, सकाळी सोमाजीने तिला ते सांगितले होते. सोमाजीचे शाळेच्या फाटकासमोर चहाचे दुकान आहे, आणि बोलायला कुणी मिळाले की तो सोडत नाही. ती घाईत होती. "मॅडम, शुक्रवारी एक मानूस बसला होता ना गेटपाशी, पोरीले घेऊन. मी म्हणलं, सुट्ट्या हायेत जी, कायचा पेपर? पोरगी ड्रेस घालून होती शाळेचा. माह्या फोनवरून तुमाले फोनही लावून देला, तुमी उचलला नाई." आणि हर्षा चालता चालता म्हणाली होती, "प्रवेशासाठी आले असतील." शाळेचा गणवेश घालून प्रवेशासाठी कोण येते? एवढा साधा प्रश्न तिला पडला नाही. शुक्रवारी ती नणंदेकडे भद्रावतीला होती, बाळाचे नाव ठेवायचे होते, फोन पर्समध्ये. नंतर अनोळखी नंबर दिसला, तिला वाटले कर्जवाले असतील. कर्जवाल्यांचे फोन येतातच. या सगळ्यात तिचा एकही अपराध कायद्याच्या भाषेत बसणारा नव्हता. एकेक करून सगळे क्षम्य होते, आणि तरी ती घरचा रस्ता सोडून मुख्याध्यापक वामनरावांच्या घराकडे वळली.

ती दोघे पहाटे निघाली असतील. गावातून चालत फाट्यावर, तिथून गडचिरोली, मग चंद्रपूरची बस. ती बस मूलवरूनच येते, गिरणीवरून. दीपिका खिडकीत बसली असेल. तिला खिडकी लागते. वर्गातही ती खिडकीशीच बसायची. ती मुलगी आठवीत आली ती सरकारी वसतिगृहात जागा मिळाली म्हणून. त्यांच्या गावची शाळा सातवीपर्यंतच आहे. पहिले दोन महिने ती बोललीच नाही. हर्षाला वाटले, मुलगी मंद आहे. मग एकदा फळ्यावर त्रैराशिकाचे उदाहरण सोडवताना हर्षाचीच बेरीज चुकली, आणि मागून एक बारीक आवाज आला, "बाई, मले वाटते तिथी चुकलं." वर्ग हसला, चूक काढली म्हणून नव्हे, मले म्हणाली म्हणून. आणि हर्षाने काय केले? हर्षा म्हणाली, "मले नाही, मला." मग बेरीज दुरुस्त केली. चांगल्या हेतूनेच म्हणाली. पुढे हिला कुणी हसू नये म्हणून. दीपिकाने मान हलवली आणि बसली, आणि पुन्हा बरेच दिवस गप्प राहिली. गणितात तिला डोके होते, पण शाब्दिक उदाहरणे तिच्या आड येत. प्रश्न वाचून समजेपर्यंत वेळ संपायचा. वार्षिक परीक्षेत ती थोडक्यासाठी गणितातच गेली. आणि आता पाचवी-आठवीला नापास करायचा नियम परत आला आहे. फेरपरीक्षेत पास झाली तर नववी आणि वसतिगृहातली जागा; नाही झाली तर जागा दुसऱ्या मुलीला. जागा गेली की चंद्रपूर गेले, आणि चंद्रपूर गेले की शाळा गेली. हे दीपिकाला ठाऊक होते. मे महिन्यात हर्षाने तिला उदाहरणांचे कागद दिले होते, घरी करायला. तेंदूपत्त्याचे दिवस होते. आईबरोबर पहाटे पानं तोडायची, दुपारी पुडे बांधायचे, आणि मग केव्हा गणित करणार, असे हर्षाने तिला विचारलेही होते. "करतो बाई," ती म्हणाली होती. मग लगेच जीभ चावून, "करते."

शनिवारी सकाळी वर्गात चारच मुले होती. पाचव्या बाकावर हर्षाने स्वतःच्या हाताने प्रश्नपत्रिका ठेवली आणि वर डस्टर ठेवला, पंख्याने उडू नये म्हणून. ती सारखी फाटकाकडे बघत होती. वारलूचा फोन लावला. पलीकडची बाई इंग्रजीत, हिंदीत आणि मराठीत सांगत राहिली की हा ग्राहक क्षेत्राबाहेर आहे. पहिला तास गेला तेव्हा तिला काळजी वाटत होती. दुसऱ्या तासात काळजीचा राग झाला. मीच मरमर करायची, मीच कागद द्यायचे, मीच फोन करायचे, आणि यांना एक दिवस लवकर निघता येत नाही? पेपर संपल्यावर तिने मुख्याध्यापकांच्या खोलीत जाऊन संगणकावर दीपिकाच्या नावापुढे ‘अनुपस्थित’ भरले आणि वामनरावांना म्हणाली, "या लोकांना शिक्षणाची किंमतच नाही, सर." हे वाक्य ती म्हणाली. हेच वाक्य तिच्या लहानपणी मूलच्या शाळेत एक गुरुजी त्यांच्या वस्तीबद्दल म्हणत असत, आणि ते ऐकून ती घरी येऊन रडली होती. शनिवारी तिला त्या गुरुजींची आठवणही झाली नाही. वामनरावांनी मान डोलावली होती, कुठल्याही वाक्याला डोलावतात तशी.

वामनराव मुख्याध्यापकांचे घर परकोटाच्या आतल्या गल्लीत होते. ती पोचली तेव्हा ते ओट्यावर बनियनवर बसून वर्तमानपत्र हलवत वारा घेत होते. तिला बघून त्यांनी घाईने टॉवेल खांद्यावर घेतला. भला माणूस, निवृत्तीला आलेला, कुणाचे वाईट न करता दिवस काढायचे एवढीच इच्छा असलेला. हर्षाने उभ्या उभ्याच सगळे सांगितले. बोलताना तिचा आवाज चढत गेला आणि समोरच्या घरातली बाई दारात येऊन उभी राहिली.

"बसा तर खरं, मॅडम," वामनराव म्हणाले. "पाणी घ्या."

"सर, ती आली होती. शुक्रवारी आली होती. सोमाजीने पाहिलं आहे."

"मी कुठे नाही म्हणतो? पण शुक्रवारी पेपर होता का?"

"माझ्या बोलण्यामुळे आली ना ती शुक्रवारी!"

वामनरावांनी टॉवेलने मान पुसली. मग हळूच, दोष देण्यासाठी नव्हे, खरेच नवल वाटून म्हणाले, "पण तुम्ही तर मूलच्या ना? सकारी म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक असन की. आमची माय तर हेच म्हणायची."

हा माणूस तिला एक थप्पड मारता तर बरे झाले असते. ती पाणी प्यायली. पाण्याला माठाचा वास होता.

"उद्या तिला बोलावते," ती म्हणाली. "पेपर माझ्याकडे आहे. शाळेत बसवून घेते. आपण तिची नोंद..."

"नोंद शनिवारी संध्याकाळीच बंद झाली. वरून बंद होते ते, माझ्या हातात नाही. उद्या वसतिगृहाचे नवे प्रवेश लागतात, त्यांना आपल्याकडूनच निकाल गेला आहे." त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. "तुम्ही अर्ज द्या. मी वर पाठवतो. कारण काय लिहायचं तेवढं सांगा. भाषेमुळे अनुपस्थित? साहेब मला वेड्यात काढतील. आणि त्याचं उत्तर येईपर्यंत दिवाळी येते."

"म्हणजे काहीच होणार नाही."

"पुढच्या वर्षी पुन्हा आठवीला बसू द्या तिला."

"राहील कुठं ती, सर?"

"जेवून जाता का?" एवढेच त्यांनी विचारले. ती नको म्हणून उठली.

गल्लीतून बाहेर येताना तिच्या मनात एक घाणेरडा विचार आला आणि तो तिने पुरता ओळखला: अजून कुणालाच काही कळलेले नाही. वारलूला वाटत असेल पेपर झालाच नाही. पुन्हा केव्हातरी होईल, बाई कळवतील. फोन केला नाही तर जुलै येईल, वसतिगृह उघडेल, दीपिका पेटी घेऊन दारात येईल आणि तिथला कुणीतरी कारकून तिला सांगेल. हर्षाला सांगावे लागणार नाही. ती परकोटाच्या भिंतीला लागून चालत राहिली. वाऱ्याबरोबर कोळशाची बारीक धूळ येत होती, दातांत करकरत होती. या शहरात येऊन तिला इतकी वर्षे झाली, घर झाले, मुलगी मोठ्या शाळेत जाते, ती मुलगी घरी ‘आई, मला’ म्हणते; हे सगळे मिळवले ते त्या ळ च्या जोरावर, असे तिला नेहमी वाटे आणि त्याचा अभिमानही वाटे. आताही तो अभिमान कुठे गेला नव्हता. तो होता, आणि त्याच्या शेजारी ही लाज होती, आणि दोन्ही एकमेकांना ओळख दाखवत नव्हती. तिने एका झाडाखाली थांबून फोन लावला. लागू नये असे तिला वाटत होते. लागला.

संध्याकाळी गावातली माणसे रेंज मिळते त्या टेकाडावर येऊन बसतात, असे दीपिकाने कधीतरी सांगितले होते. पलीकडे बऱ्याच आवाजांची गजबज होती.

"बाई! बोला जी," वारलू म्हणाला. "आमी आलतो सुक्रवारी. शाळा बंद होती."

"हो. मला आज कळलं."

"तो चायवाला म्हणे सुट्ट्या हायेत. मी म्हणलं, बाईनं सांगतलं म्हणजे असनच. लय वेळ बसलो. मंग पोरगी म्हणे, बाप्पा, आपलंच कायतरी चुकलं असन." तो हसला. त्या हसण्यात तक्रार नव्हती. "थांबा, पोरगी मांगून राह्यली फोन."

हर्षाला म्हणायचे होते, थांबा, आधी माझे ऐका. पण फोनमध्ये आधी वारा आला आणि मग तो बारीक आवाज.

"बाई, मी दीपिका. पेपर झाला का?"

"झाला."

"काय आलतं?" आणि हर्षा काही बोलायच्या आधीच, "कामगाराचं आलतं? दिवसाचं?"

"आलं होतं."

"कामगार वाढले का दिवस कमी होते. उलटं होते ते. व्यस्त चलन." शब्द एकामागून एक, पाठ केल्यासारखे नव्हेत, हातात धरून दाखवल्यासारखे. "अन् समलंब चौकोन?"

"तोही."

"समांतर बाजूंची बेरीज, मंग गुणिले उंची, मंग अर्धं. मी सगळे कागद केले, बाई. पुडे मोजून होवस्तोर तेंदूच्या फडीवर बसून केले. सवलतीचं उदाहरण तेवढं जमत नाई मले." थोडी थांबून, "मला."

"नाही जमलं तरी चालतं," हर्षा म्हणाली.

"मंग पास झाली असती न मी?"

"हो. पास झाली असतीस. चांगली पास झाली असतीस, दीपिका."

मग मुलगी फोन तोंडापासून दूर नेऊन गोंडीत काहीतरी ओरडली. हर्षाला गोंडी येत नाही. त्या सगळ्या ओळीतला एकच शब्द तिला कळला: पास. एक बाई मोठ्याने हसली. ती दीपिकाची आई, बुधरी, असावी. आणखी कुणीतरी हसले, कुणीतरी काहीतरी विचारले, कुणीतरी पुन्हा तोच शब्द म्हटला. फोन हातोहात फिरला आणि वारलूचा आवाज आला, आधीपेक्षा मोकळा.

"पास झाली म्हणते पोरगी. तुमचे उपकार झाले, बाई. तुमीच केलं असन कायतरी. पेपर नाई देला तरी..."

"मी म्हणाले, पास झाली असती," हर्षा म्हणाली. "असती."

"हो, हो. तेच."

ते तेच नव्हते. त्या एका शब्दात सगळे होते आणि तो वारलूपर्यंत पोचताना वाटेतच गळला होता. आणि तिच्याच्याने पुन्हा तोच शब्द तशाच स्वच्छ उच्चारात फेकवेना. ती गप्प राहिली असती तर त्यांनी आजची संध्याकाळ पास होऊन काढली असती. जुलैपर्यंतसुद्धा काढली असती. तिने डोळे मिटले. आता चूक होता कामा नये. तिने तोंड उघडले तेव्हा जो आवाज निघाला तो इतक्या वर्षांत तिने स्वतःही ऐकला नव्हता, आणि तो आईचा होता.

"वारलूभाऊ, आयका जी. पोरगी पास नाई झाली. पेपर शनवारी होता, तुमी सुक्रवारी आले. मी टायमाबद्दल सांगून राह्यलो होतो, तुमाले सकारी वाटलं. चुकी माही आहे, तुमची नाई. पन पोरगी नापास झाली. आता होस्टेलात जागा नाई भेटे तिले. समजलं का?"

वारा बोलत राहिला. हर्षाला वाटले, फोन कापला गेला. तिने कानापासून काढून बघितले, चालू होता.

"समजलं, बाई," मग तो म्हणाला. "आता बराबर समजलं."

तो फोन ठेवेना. मागे बुधरी अजून हसत होती.